नवा शॅमेलिऑन काळा पडलाय, काय करू?

प्रश्न : दादा, मी सोलापूरचा, विजापूर रोडला राहतो, कॉलेजला आहे. गेल्या आठवड्यात पुण्यावरनं व्हेल्ड जातीचा शॅमेलिऑन (रंग बदलणारा सरडा) आणला, चार महिन्यांचा नर आहे म्हणाले. घरी माशांचा जुना काचेचा टँक होता त्यात ठेवलाय, वर साठचा बल्ब, वाटीत पाणी, हॉलमध्ये टीव्हीच्या शेजारी. पण आल्यापासनं काळपट चॉकलेटी झालाय, काचेला ओरबाडत वर चढायला बघतो, पाण्याला तोंड लावत नाही, काल दोन किडे खाल्ले बास. हातात घेतलं की फुगतो आन् फुसफुसतो. आई म्हणते सरडं कुणी घरात पाळतं का, नेऊन सोड शेतात. आजारी आहे का तो? आणि माणसाळायला किती दिवस लागतात?

उत्तर : आईचं सगळं ऐक पण शेतात सोडायचं तेवढं ऐकू नको. हा प्राणी येमेन आणि सौदीकडचा, आपल्या शेतात त्याचंही भलं नाही आणि आपल्या इथल्या सरड्यांचंही नाही.

आजारी असेलच असं नाही, घाबरलाय आणि वैतागलाय. मागं जसा रंग तसा हा होतो असं आपण लहानपणापासनं ऐकतो पण ते तसं नसतं, रंग बदलतो तो मूड, ऊन-थंडी आणि समोर कोण आहे यावरनं. २०१५ साली जिनिव्हा विद्यापीठातल्या संशोधकांनी पँथर नावाच्या दुसऱ्या जातीच्या शॅमेलिऑनवर काम करून दाखवलं की कातडीतल्या पेशींमध्ये अतिसूक्ष्म स्फटिक असतात, त्यांच्यातलं अंतर कमीजास्त झालं की रंग बदलतो. म्हणजे सकाळी लाइट लागल्यावर थोडा वेळ गडद दिसला तर टेन्शन नको, ऊब शोषून घेतोय. दिवसभर गडद राहिला तर मात्र त्याला काहीतरी खुपतंय.

आणि तुझ्या केसमध्ये काय खुपतंय ते तूच लिहिलंयस की, काच! काचेत त्याला दुसरा शॅमेलिऑन दिसतो, हे एकलकोंडे असतात, दुसरा नर दिसला की भांडण, आणि इथं तो दुसरा चोवीस तास समोर उभा, जातच नाही. वर हवा खेळत नाही, त्यात साठचा बल्ब, त्यात सोलापूरचा एप्रिल. टँक आजच्या आज बंद कर.

त्याला चारी बाजूंनी जाळीचा उभा केज लागतो, मोठा झाल्यावर साधारण दोन बाय दोन आणि चार फूट उंच, मग आत्ताच तेवढा कर. स्लायडिंग खिडक्या करणारे असतात ना त्यांच्याकडं ॲल्युमिनियमची फ्रेम सहज करून मिळते. वरच्या बाजूला जरा मोठ्या भोकांची जाळी टाक, बारीक जाळी यूव्हीबी, म्हणजे उन्हातले अतिनील किरण, अडवते. तीन बाजूंना बाहेरनं काहीतरी आडोसा लाव, जुनी सोलापुरी चादर चालेल, बल्बपासनं लांब ठेव म्हणजे झालं. आणि केज जमिनीवर ठेवू नको, टेबलावर चढव, त्याची बसायची फांदी आपल्या डोळ्यांच्या वर आली पाहिजे. झाडावर राहणारा प्राणी आहे, वरनं कुणी वाकून बघितलं की त्याला शिकारी पक्षीच आल्यासारखं वाटतं. टीव्हीजवळ तर नकोच, घरातल्या सगळ्यात कमी वर्दळीच्या कोपऱ्यात ने.

आत बोटाएवढ्या जाड फांद्या आडव्या-तिरक्या, पायांनी गच्च धरता येतील अशा, आणि खरी झाडं. जास्वंद बेस्ट, व्हेल्ड पानं आणि फुलं पण कुरतडतो म्हणून. कण्हेर अजिबात नको, विषारी असते. नर्सरीतनं आणलेल्या झाडावर औषध मारलेलं असतं, त्यामुळं पानं नीट धुऊन काही आठवडे बाहेर ठेव मग आत घाल. लपायला दाट पानं असली की निम्मं काम तिथंच होतं. आता तुला तो दिसणार नाही म्हणून वाईट वाटेल, वाटू दे.

वाटीतलं पाणी त्याला बहुतेक कळतच नाही. पानावरचे हलणारे थेंब दिसले की जीभ लावतो. सकाळ-संध्याकाळ दोन-तीन मिनिटं बारीक फवारा मार, शिवाय एखाद्या डब्याला बारीक भोक पाडून वरनं थेंब थेंब पानावर पडेल असं कर, मधल्या वेळात पानं वाळली पाहिजेत. आपल्याकडं नळाला पाणी चार-चार दिवसांनी, मग घरात बोअरचं वापरतात, ते क्षाराचं पाणी स्प्रेचं तोंड बुजवतं आणि पानांवर पांढरे डाग पाडतं, तर फिल्टरचं घे. शीमध्ये पांढरा भाग असतो, तो पांढराच असला तर पाणी पुरतंय, नारिंगी दिसला तर कमी पडतंय.

उन्हाचं बघ. एवढ्या लहानाला बसायच्या फांदीवर २७ ते २९ डिग्री पुष्कळ, मोठ्याला ३२ पर्यंत, आणि खाली त्याहून गार. अंदाजानं नको, प्रोबवाला थर्मामीटर घे. आपल्या एप्रिल-मेमध्ये दुपारी खोलीच त्याच्या वर जाते, तेव्हा बल्ब सरळ बंद, खोलीत कूलर (पण वारा अंगावर नको), केजच्या एका बाजूला ओला टॉवेल, टॉवेलची काय आपल्याकडं कमी नाही. यूव्हीबीची ट्यूब मात्र रोज बारा तास, रात्री सगळा अंधार, लाल-निळे नाइट लॅम्प नकोत. लाइट दोन-चार तास गेली तर काही बिघडत नाही. यूव्हीबी साध्या खिडकीच्या काचेतनं येत नाही, म्हणून खिडकीत ठेवलं म्हणजे झालं असं समजू नको. सकाळी सात-आठला गच्चीवर जाळीच्या केजमध्ये वीस मिनिटं, अर्ध्या भागात सावली आणि तू जवळ उभा, हे भारी, पण पहिले दोन-तीन आठवडे तेही नको.

आता माणसाळवायचं. हा कुत्रा नाही रे. पहिले दोन आठवडे हातच लावायचा नाही, किडे टाकायचे, फवारा मारायचा, दार लावायचं, निघायचं. मी माझा पहिला आणला तेव्हा दर दहा मिनिटांनी जाऊन बघायचो, मित्रांना बोलावून दाखवायचो, आणि तो खात का नाही म्हणून परत मलाच टेन्शन. एक दिवस गावाला गेलो, घरच्यांनी फक्त किडे टाकले तर सगळे फस्त! नंतर कधीतरी दारातनं चिमट्यात किडा धरून बघ, दोन महिन्यांनी येईल, कदाचित कधीच येणार नाही. फुसफुस म्हणजे नको म्हणतोय, एवढं ऐकायचं.

किडे त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठे नकोत, या वयात रोज, वर कॅल्शियम पावडर भुरभुरून. शेतातले पकडून घालू नको, द्राक्ष-डाळिंबाच्या पट्ट्यात किती फवारण्या होतात तुला माहितीये. काजवा तर चुकूनसुद्धा नको.

दिवसा डोळे मिटून बसला, डोळे खोल गेले, फांदीवरनं पडला, किंवा सारखं तोंड उघडं आणि लाळेचे बुडबुडे, तर वाट बघू नको, डॉक्टर सरपटणारे प्राणी बघतात का ते फोनवर विचारून लगेच ने.

आणि पावती, कागद घेतलेस ना? २०२४ च्या नियमांप्रमाणं असा परदेशी प्राणी आला की तीस दिवसांत सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करायची असते. आठवडा गेलाच आहे.

प्रश्न : नान्नजकडं आमचं शेत आहे. बांधावरच्या कडुलिंबावर मोठा हिरवा घोयरा सापडला, मुलांनी खोक्यात आणून ठेवलाय, पाळू म्हणतात. गडी म्हणतो विषारी असतो, फुंकर मारली तरी माणूस मरतो. खरं का?

उत्तर : ताई, विषारी अजिबात नाही, फुगून घाबरवतो तेवढंच. पण हा आपला भारतीय शॅमेलिऑन, १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं संरक्षित, घरात ठेवणं गुन्हा आहे. संध्याकाळ व्हायच्या आत त्याच कडुलिंबावर सोडा, जखमी असेल तर वनखात्याच्या १९२६ नंबरला फोन लावा. मुलांना सांगा, पावसाळ्यात हे रस्त्यावर डुलत डुलत चालतात आणि गाडीखाली येतात, तसा दिसला तर काठीवर चढवून घ्यायचा आणि ज्या बाजूला चालला होता त्या बाजूच्या झुडपात ठेवायचा.