‘व्यावसायिक पार्श्वभूमी’ लिहावी का?

एका वाचकाला व्याख्यानाच्या पत्रिकेत वक्त्या बाईंचा परिचय लिहायचा आहे. बाई क्लिनिकल न्यूरोसायकॉलॉजिस्ट. पदाला ‘चिकित्सक मज्जामानसशास्त्रज्ञ’ आणि खाली मथळ्याला ‘व्यावसायिक पार्श्वभूमी’ चालेल का, असं या वाचकाने विचारलंय.

आधी मथळा. ‘पार्श्व’ म्हणजे संस्कृतात बरगड्यांची बाजू, कूस. पाठ नव्हे, पाठीला ‘पृष्ठ’. मराठीत मात्र हा शब्द सरकत सरकत मागे गेला. पार्श्वसंगीत, पार्श्वभूमी, आणि पार्श्वभाग तर पार खालीच. तेव्हा ‘पार्श्वभूमी’ चूक नाही. दंगलीला, कादंबरीला ती शोभते. पण माणसाची पार्श्वभूमी म्हटलं की मला पोलिसांचीच आठवण होते. आणि ‘व्यावसायिक’ म्हटलं की गाळा, गॅस सिलिंडर, नाटक. ‘शिक्षण आणि अनुभव’ लिहा, झालं.

आता पद. ‘क्लिनिकल’च्या मुळाशी ग्रीक ‘क्लिनी’ आहे, म्हणजे खाट. रोग्याच्या खाटेशी जाऊन पाहतो तो. पाठ्यपुस्तकांत ‘चिकित्सा मानसशास्त्र’ आहे, ते बरं. पण ‘चिकित्सक’ लिहिलंत तर बाई भाजीवालीशी हुज्जत घालणाऱ्या वाटतील. ‘मज्जा’ही नको. आयुर्वेदात मज्जा हा सात धातूंपैकी एक, हाडाच्या पोकळीतला. ‘मज्जातंतू’मुळे तो शब्द मेंदूच्या गोतावळ्यात आला, पण शाळेची पुस्तकं आता चेतासंस्था, चेतापेशी म्हणतात. शिवाय ‘मज्जा’ दिसलं की लोक न्यूरॉलॉजिस्ट समजून गोळ्या विचारतील. या बाई औषध लिहून देत नाहीत.

त्या काय करतात ते सांगणं जास्त उपयोगाचं. पक्षाघातानंतर किंवा डोक्याला मार लागल्यावर स्मरण, लक्ष, भाषा यांतलं काय शाबूत आहे, काय गेलंय, हे त्या चाचण्यांनी तपासतात. एक चाचणी साधी आहे: घड्याळ काढा, अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा. काही रुग्ण एक काटा अकरावर ठेवतात आणि दुसरा दोनवर न ठेवता दहावर. ‘दहा’ हा शब्द कानी पडला की हात त्या आकड्याकडेच ओढला जातो. शब्दवेड्यांना याहून चांगलं उदाहरण मिळायचं नाही.

म्हणून ‘न्यूरोसायकॉलॉजिस्ट’ तसंच ठेवा. ‘मेंदू-मानसतज्ज्ञ’ मला आवडतो, पण तो एकट्याने उभा राहील इतका रुळलेला नाही. शिक्षणात मानसशास्त्रातलं एम.ए., मग रुग्णालयात काम करत केलेलं दोन वर्षांचं एम.फिल. आणि भारतीय पुनर्वास परिषदेकडची नोंदणी असेल, तर ती नोंदणी आवर्जून छापा. ‘समुपदेशक’ कुणीही लावतं. ही नोंदणी असल्याशिवाय आपल्याकडे ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ म्हणवून घेता येत नाही.

आणि पत्रिकेत ‘सुप्रसिद्ध’ घालू नका, बाईंनाच अवघडल्यासारखं होईल.