नुसतं इचारलं, बोललो कुठी?

दर्यापूरकडच्या एका वाचकाला पारावर चारचौघांत शेजारच्या कास्तकारानं टोकलं, "काहो, यंदा तरी धुरा कोरनं सोडलं काय?" धुरा म्हणजे दोन शेतांमधला बांध; तो कोरून शेजाऱ्याची जमीन आपल्यात ओढतात. यानं तो कधी कोरलेलाच नाही. "खोटं बोलतं लेका," म्हणून हा खवळला, तर तो म्हणतो, "मी कुठी बोललो? नुसतं इचारलं." वाचकाचा प्रश्न असा की, याला खोटं म्हणता येतं का, आणि नसेल तर काय म्हणायचं?

ही पळवाट भाषेनंच ठेवलीय. मराठीत खोटं बोलतात, सांगतात, लिहूनही देतात. 'खोटं विचारलं' मात्र कुणी म्हणत नाही. पण त्या 'सोडलं'कडे बघा. धरलंच नाही ते सोडणार कसं? हो म्हटलं तर आजवरचा धुरा अंगावर येतो, नाही म्हटलं तर यंदाचाही. यासाठी नेमका शब्द आहे, 'आळ घेणे'. त्याला विधानच लागतं असं नाही.

दुसरा प्रकार जास्त बेरकी. आमच्याकडे सीतादही, म्हणजे कापसाच्या पहिल्या वेचणीची पूजा, होऊन आठेक दिवस झाले होते. गावात येऊन कापूस घेणाऱ्या खेडा खरेदीवाल्यानं गंजीत कोपरापर्यंत हात घातला, चिमूटभर कापूस काढून धागा ओढून पाहिला आणि साळसूदपणे बाबांना म्हणाला, "काकाजी, फरदडीचा हाय काय हा?" फरदड म्हणजे मुख्य वेचण्या आटोपल्यावर पराटी (कापसाचं झाड) तशीच राखून घेतलेला मागचा कापूस. धागा आखूड, भाव पडेल. दिवाळीच्या तोंडावर फरदड येणार कुठून? हे त्याला आमच्याहून जास्त ठाऊक.

इथे आळ नाही, हो-नाही दोन्ही मोकळं आहे. पण विचारणारा माणूस 'मला ठाऊक नाही' हे न बोलता सांगतच असतो, आणि याचं तेवढंच खोटं होतं. (मास्तरही ठाऊक असून विचारतात, पण ते पोरांनाही ठाऊक असतं.) हे वेड पांघरून पेडगावला जाणं. पेडगाव राहिलं तिकडे श्रीगोंद्यात, भीमेकाठी. वाट मात्र वऱ्हाडातूनही जाते.

'तुमची तूर मर रोगानं गेली म्हणे?' यातला 'म्हणे' तर बोलणाराच गायब करतो.

तेव्हा त्या शेजाऱ्यानं खोटं बोललं म्हणू नका, आळ घेतला म्हणा. आणि पुन्हा विचारलं तर हो-नाहीत पडू नका. "कोन्या साली कोरला होता, सांग," एवढंच इचारा.