कोर्स नंतर, आधी एक डेटासेट तडीस न्या

एमएस्सी बायोटेक झालंय, पायथन थोडंफार येतं, तर जीनोमिक्समध्ये (सजीवाच्या संपूर्ण डीएनएच्या अभ्यासात) शिरायला महागडा कोर्स लावू का, असं विचारलंयत. माझं मत, आत्ता नको. एक सार्वजनिक डेटासेट कच्च्या फाइलींपासून शेवटच्या आलेखापर्यंत एकट्याने तडीस न्या. मुलाखतीत प्रमाणपत्रावर नजर फिरते, प्रश्न येतो तो "हे असंच का केलंत?"

आरएनए-सीकसाठी, म्हणजे पेशीत कोणतं जनुक किती सक्रिय आहे ते मोजायला, जीएसई52778 हा सार्वजनिक डेटासेट घ्या. चार दात्यांच्या श्वसनमार्गातल्या स्नायूपेशी, एकूण 16 नमुने. अल्ब्युटेरॉल हे औषध दिलेले सोडून द्या. नुसतं डेक्सामेथासोन हे औषध दिलेले चार आणि काहीच न दिलेले चार पुरेत. आरएनएचे वाचलेले तुकडे कोणत्या जनुकाचे ते शोधायला 16 जीबीच्या लॅपटॉपवर 'स्टार' हा प्रोग्रॅम लावू नका, मानवी जीनोमला त्याला 30 जीबीच्या आसपास रॅम लागते. त्याच कामाचं 'सॅल्मन' निवांत चालतं. तिथून टीएक्सइम्पोर्ट या पॅकेजमार्गे डीईसेक2 मध्ये (दोन गटांतला जनुकांचा फरक तपासणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) काउंट, म्हणजे दर जनुकाच्या तुकड्यांची मोजणी न्या, टीपीएम म्हणजे आधीच प्रमाणात बसवलेले आकडे नव्हे.

आता मुद्द्याची गोष्ट. डीईसेक2 ला द्यायच्या डिझाइनच्या सूत्रात औषधाबरोबर दाताही लिहायचा असतो. विसरलात तरी प्रोग्रॅम मुकाट चालतो, पण दात्यादात्यांतला फरक गोंगाटात जमा होतो आणि औषधाचा परिणाम त्यात बुडतो. दोन्ही प्रकारे चालवून जनुकांची यादी किती आखडते ते मोजा.

या धंद्यातल्या घातक चुका अशाच, एरर न देणाऱ्या. डीएनएवरच्या जागा नोंदवणारी बेड फाइल शून्यापासून मोजते, डीएनएतले बदल नोंदवणारी व्हीसीएफ एकपासून. एका बेसने (डीएनएच्या एका अक्षराने) घसरलात तर बोंब मारायला कुणी नाही. एका फाइलीत गुणसूत्राच्या नावाआधी 'सीएचआर', दुसरीत नुसता आकडा, की जुळणी रिकामी. मानवी जीनोमच्या जीआरसीएच37 या जुन्या संदर्भ आवृत्तीतले जागांचे आकडे जीआरसीएच38 या नव्या आवृत्तीवर लावले, तर निकाल येतो, फक्त भलत्याच जागेचा. आणि जनुकांची यादी एक्सेलमध्ये उघडू नका, 'मार्च1' या जनुकाच्या नावाची तारीख होते. शेवटी जनुकांच्या नामकरण समितीनेच हात टेकले. 2020 च्या नियमावलीत अशी नावं बदलली, आता ते 'मार्चएफ1' आहे.

पीएचडी करायची असेल तर नेट किंवा गेटची तयारी सोबत चालू ठेवा. प्रोग्रॅमिंगपेक्षा संख्याशास्त्राला जास्त वेळ द्या. कंट्रोल नमुने सोमवारी आणि औषधाचे मंगळवारी काढले, तर दिवसाचा परिणाम कुठला आणि औषधाचा कुठला, हे कुठलंही सॉफ्टवेअर सांगू शकत नाही. हे प्रयोगशाळेतल्या माणसाला नमुने काढण्याआधी सांगावं लागतं.

गिटहबवर कोड टाकाल तेव्हा सॉफ्टवेअरच्या आवृत्त्या आणि कुठे काय फसलं तेही लिहा. मी उमेदवाराचं तेच पान आधी उघडतो.