नांगी कुणाची?

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. खाडीतलं खेकडापालन बंद केलंस म्हणून वाडीत ‘टाकलान नांगी’ म्हणतात, हे तुला फार लागलेलं दिसतंय. शब्द कुठून आला, असंही विचारलंयस.

नांगी विंचवाची. डिवचला की तो शेपूट पाठीवरून पुढे वळवतो आणि नांगी उगारतो. ती खाली टाकली की विंचवातला दम गेला. लढून हरलेल्याला आपण असं म्हणत नाही. अंगात विष असून जो उगारायचंच सोडतो, त्याला म्हणतो.

खेकड्याच्या पकडीलाही पुस्तकी मराठीत नांगीच म्हणतात. आपला डेंगा. तो तर कुर्ली खरोखरच टाकते. जाळ्यातून सोडवताना डेंगा ओढलास, तर तो मुळाजवळच्या ठरावीक जागी तुटून तुझ्या हातात राहतो, आणि कुर्ली चिखलात पसार. जखमेचं तोंड तिथल्या तिथे मिटतं. पुढे कात टाकली की त्या जागी नवा डेंगा येतो. आधी बारीक, मग दर कातीला मोठा. एक डेंगा मोठा नि एक इवलासा, अशा कुर्ल्या बाजारात पाहिल्या असशीलच. भाव कमी मिळतो, एवढंच.

आता तुझं. कुर्ल्यांनी एकमेकींना खाल्लं, याचं खापर तू नशिबावर फोडतोस; पण यात नशिबाचा काय संबंध? कात टाकलेली कुर्ली मऊ असते, बाकीच्या तिच्यावर तुटून पडतात. तू लहान-मोठ्या एकाच कुंपणात सोडल्यास; लपायला ना कौलं, ना पाइपाचे तुकडे. पण कर्ज डोईजड व्हायच्या आत थांबलास. त्याला नांगी टाकली म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

पत्राच्या शेवटी मात्र लिहितोस, ‘आता खाडीचं नाव नको, मुंबईत मिळेल ते करीन.’ तिथे मला विंचू दिसला. मुंबईला जा की, अर्धं कोकण गेलंय. पण कुंपण मोडून विकू नकोस. जाळं धुऊन, वाळवून माळ्यावर टाक, उंदरांपासून जप.

पलीकडच्या गावात माझ्या ओळखीचा एक जण प्रत्येक कुर्ली वेगळ्या खोक्यात वाढवतो. खर्च जास्त, पण एकमेकींना खायची भीती नाही. गणपतीला येशील तेव्हा दोन दिवस त्याच्याकडे राहा, मी बोलून ठेवलंय. हिशेबाची वही सोबत ने.

आईला नमस्कार.

तुझा,
काका