निळूभाऊंची भीती का वाटायची

लातूरच्या एका कॉलेजातल्या मुलानं विचारलंय: "निळू फुले म्हणजे आम्हाला फक्त ते वाड्याचं वाक्य आणि मोबाइलवरचे स्टिकर माहीत. त्यांचं नाव निघालं की घरातली मोठी माणसं एवढ्या मायेनं का बोलतात? ते खरंच एवढे मोठे नट होते का? आणि बघायचंच झालं तर सुरुवात कुठून करू?"

बाळा, होते. आणि त्या "बाई, वाड्यावर या" एवढ्या एका वाक्यानं त्यांच्यावर फार अन्याय केलाय असं मला मनापासून वाटतं. तुझ्या प्रश्नाखाली बऱ्याच जणांनी "द ग्रेट", "असा खलनायक पुन्हा होणे नाही" असं लिहिलंय. ते खरंच आहे, पण त्यातून तुला काही हाती लागणार नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

मी परभणी जिल्ह्यातली. आमच्या लहानपणी सिनेमा यायचा तो यात्रेत, तंबूतल्या टॉकीजमधून. मधे दोर बांधलेला, एका अंगाला बाया, दुसऱ्या अंगाला गडी. निळूभाऊ पडद्यावर आले की आमच्या बाजूनं "मुडदा बशिवला याचा" सुरू व्हायचं, बोटं कडाकडा मोडली जायची. हे महाराष्ट्रभर झालंय, सगळे सांगतात. पण आमच्या गल्लीतली एक म्हातारी कधीच शिव्या द्यायची नाही. तरुणपणी ती गावातल्या गढीत, म्हणजे मालकांच्या तटबंदीच्या वाड्यात, दळण-निवडण करायला जायची. सिनेमाभर ती पदर तोंडाशी धरून बसायची. एकदा घरी येताना म्हणाली, "आमचे मालक बी वरडत नव्हते गं कधी. असंच हळू बोलायचे."

निळूभाऊंच्या अभिनयाबद्दल याहून नेमकं मी कुठं वाचलेलं नाही. त्यांच्या आधीचा आणि नंतरचाही मराठी खलनायक बहुतेक करून डोळे वटारतो, गडगडाट करून हसतो, हात उगारतो. निळूभाऊ आवाज खाली घेतात. बोलण्याआधी थांबतात. मान किंचित तिरकी, डोळे अर्धे मिटलेले, धोतराचा सोगा दोन बोटांत, आणि वाक्याचा शेवट असा सोडून दिलेला की समोरच्यानं तो स्वतःच पुरा करावा. ज्याच्या हातात गावाची जमीन, पाणी आणि पोलीसपाटील आहे त्याला ओरडायची गरजच काय? त्यांना हे कळलं होतं. शाळेच्या स्नेहसंमेलनात मी वर्षानुवर्षं पोरांना त्यांची नक्कल करताना पाहिलं. घोगरा आवाज बहुतेकांना जमतो, ते थांबणं कुणाला जमत नाही.

आपल्या भागात ही माणसं लोकांनी प्रत्यक्ष पाहिली होती, हे तुझ्या पिढीला सांगायला पाहिजे. मराठवाडा 17 सप्टेंबर 1948 ला निजामाच्या राज्यातून सुटला. तोवर गावोगावच्या गढ्यांमध्ये देशमुख-पाटलांचा शब्द म्हणजे कायदा. 1950 साली हैदराबाद राज्याचा कूळकायदा आला, काही जमिनी कुळांकडं गेल्या, गढ्यांच्या माती-चुन्याच्या भिंती ढासळायला लागल्या. पण हुकमत अशी लगेच ढासळत नाही. ती सोसायटीत गेली, मार्केट कमिटीत गेली, साखर कारखान्यात आणि शिक्षणसंस्थेत जाऊन बसली. पगडीच्या जागी टोपी आली. निळूभाऊंच्या भूमिका एकापाठोपाठ एक बघितल्या तर हा सगळा बदल डोळ्यांपुढून जातो. पश्चिम महाराष्ट्रातले पाटील त्यांनी रंगवले, पण ओळख आम्हाला पटली.

पहिला चित्रपट 'एक गाव बारा भानगडी', 1968. त्यातला झेलेअण्णा म्हणजे गावातला कारस्थानी पुढारी. तिथं अजून लोकनाट्याचा रंग आहे, कारण निळूभाऊ तिथूनच आले होते. 'कथा अकलेच्या कांद्याची' या वगानं त्यांना नाव दिलं. त्याच्याही आधी राष्ट्र सेवा दलाचं कलापथक, आणि पोटासाठी पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम. वगात नटाला प्रेक्षकाशी थेट बोलावं लागतं, समोरून टोमणा आला तर तिथल्या तिथं उत्तर द्यावं लागतं. पडद्यावर त्यांचं बोलणं पाठ केलेलं वाटत नाही, त्याचं मूळ मला इथं दिसतं.

मग 'सामना'. दिग्दर्शक जब्बार पटेल, लेखन विजय तेंडुलकर. 1975 साली हा चित्रपट बर्लिनच्या महोत्सवात स्पर्धेत होता. हिंदुराव धोंडे पाटील हा साखरसम्राट. श्रीराम लागूंचा दारुडा मास्तर त्याच्या गावात येऊन पडतो. हिंदुराव त्याला उचलून घरी आणतो, कपडे देतो, जेवू घालतो, बाटलीसुद्धा पुढं करतो. केवढा पाहुणचार! त्या पाहुणचारातच खरी दहशत आहे. कारखाना, बागा, शाळा, सगळं आपण उभं केलं हे तो अभिमानानं दाखवतो आणि त्यात खोटं काही नसतं. त्यानं विकास केलेलाच आहे. मग मास्तर एकच प्रश्न धरून बसतो, मारुती कांबळेचं काय झालं? आणि तिथून पुढं निळूभाऊंचा चेहरा बघ. संवाद बाजूला ठेव, फक्त चेहरा. आधी कौतुक, मग कुतूहल, मग चीड, आणि हळूहळू एक अस्वस्थता, जी या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा भेटतेय. लागू आणि फुले या दोघांत कोण मोठा, यावर इथं अनेकदा वाद झालेत. माझं मत विचारशील तर 'सामना' निळूभाऊंचा आहे. मास्तरची व्यथा आपल्याला लगेच कळते, हिंदुरावची माणुसकी शोधून दाखवायला फार मोठा नट लागतो.

त्याच पटेल-तेंडुलकरांचा 'सिंहासन', 1979, अरुण साधूंच्या कादंबऱ्यांवरचा. इथं निळूभाऊ उलट्या बाजूला. दिगू टिपणीस हा पत्रकार. मुख्यमंत्र्यांची खुर्ची, अर्थमंत्र्यांची चाल, कामगार पुढाऱ्याचा हिशोब, सगळं त्याच्यासमोर चाललंय आणि तो नुसता ऐकतोय. सबंध चित्रपटात ज्या माणसाला करण्यासारखं जवळजवळ काही नाही, त्याच्यावर नजर खिळून राहते. शेवटी तो हसायला लागतो, आणि ते हसू थांबत नाही. ज्यांना निळू फुले म्हणजे धोतर आणि टोपी वाटते त्यांनी हा दिगू बघावा. शहरी कपड्यांत, खांदे पडलेला, डोळ्यांत जाग आलेला. आधीचा हिंदुराव कुठं शोधूनही सापडत नाही.

नाटकाबद्दल थोडक्यात लिहिते, कारण त्यांचे मूळ प्रयोग मी पाहिलेले नाहीत. 'सखाराम बाइंडर' 1972 साली आलं, दिग्दर्शन कमलाकर सारंगांचं, चंपा लालन सारंगांची आणि सखाराम निळूभाऊंचा. टाकून दिलेल्या बायकांना घरात आणणारा, स्वतःचे नियम सांगणारा, संतापी आणि तरीही मृदंगापुढं बसला की वेगळाच होणारा माणूस. नाटक परिनिरीक्षण मंडळात, म्हणजे नाटकांच्या सेन्सॉरकडं, अडलं, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि तिथून सुटलं. पुस्तक हाती घेतलं की मला सखारामची वाक्यं आजही त्यांच्याच आवाजात ऐकू येतात. पुढं जयवंत दळवींच्या 'सूर्यास्त'मध्ये त्यांनी म्हातारा गांधीवादी केला. सखाराम आणि हा गांधीवादी एकाच देहात मावले, यावरून ताकद समज.

हिंदीतही बघायचं असेल तर महेश भट्ट यांचा 'सारांश', 1984. अनुपम खेर यांच्या म्हाताऱ्या प्रधान मास्तरांवर सगळ्यांचं लक्ष जातं, आणि जायलाच पाहिजे. पण त्यांना छळणारा गजानन चित्रे बघ. गढीतला मालक मुंबईत येऊन पुढारी झाला तर कसा वागेल, तसा तो वागतो.

आता मायेनं का बोलतात, ते. पडद्यावर बायकांना छळणारा हा माणूस प्रत्यक्षात सेवा दलाच्या संस्कारातला, भरपूर वाचणारा, अंधश्रद्धेविरुद्ध उभा राहणारा होता. सामाजिक कृतज्ञता निधीसाठी लागू, तनुजा, निळूभाऊ असे मोठे कलावंत आचार्य अत्र्यांचं 'लग्नाची बेडी' घेऊन गावोगाव फिरले. त्या पैशातून पूर्णवेळ सामाजिक काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना दरमहा मानधन मिळावं, ही कल्पना. ज्या हिंदुरावांना त्यांनी पडद्यावर उघडं केलं, त्यांच्याशी गावात रोज भांडणाऱ्या कार्यकर्त्यांच्या घरी चूल पेटावी म्हणून ते राबले. माझ्या लेखी त्यांचा अभिनय आणि हे काम वेगळं काढता येत नाही. सत्ता कशी बोलते, कशी बसते, कशी जेवू घालते, याचा त्यांनी आयुष्यभर अभ्यास केला होता, आणि तो ज्यांच्यावर ती चालते त्यांच्या बाजूनं उभं राहून. म्हणून त्यांचा पाटील नुसता दुष्ट वाटत नाही, खरा वाटतो.

शेवटच्या काळातला त्यांचा 'गोष्ट छोटी डोंगराएवढी' शेतकऱ्याच्या प्रश्नावरचा, मकरंद अनासपुरेंबरोबर. आपल्या मातीतल्या पुढच्या पिढीच्या नटाशेजारी ते त्यात दिसतात, याचं मला विशेष वाटतं. 13 जुलै 2009 ला ते गेले. त्या दिवशी आमच्याकडं ज्या बायांनी जन्मभर बोटं मोडली होती त्याच डोळ्याला पदर लावून बसल्या होत्या.

सुरुवात 'सामना'पासून कर, मग 'सिंहासन', आणि झेलेअण्णा शेवटी, म्हणजे ते कुठून कुठं पोचले ते नीट दिसेल. मोबाइलवर तुकडे बघू नकोस, त्यांचे थांबे तुकड्यांत कापले जातात. घरी आजी असेल तर तिला शेजारी बसव. ती मधेच काही सांगायला लागली तर सिनेमा थांबव आणि तिचं आधी ऐक, मग इथं येऊन लिही.