सेक्स थेरपीत नेमकं काय करतात?

लग्नाला आठ महिने झाले, ऐन वेळी ताठरता जाते, आणि थेरपीला गेलं तर कपडे काढावे लागतात का, असं तुम्ही विचारलंय. आमचंही हेच झालं होतं, म्हणून लिहितो.

कपड्यांचं आधी सांगतो. थेरपी म्हणजे बोलणं आणि घरी करायचा अभ्यास. गरज पडली तर डॉक्टर तपासतात, तेही इतर आजारात तपासतात तसंच. याउपर कुणी काही 'करून दाखवायला' लागलं तर सरळ उठून या.

मला आधी साखर, बीपी आणि टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन तपासायला लावलं, कारण मधुमेह कधीकधी इथेच पहिल्यांदा डोकं वर काढतो. मग विचारलं, सकाळी जाग येते तेव्हा ताठरता असते का? असते म्हटल्यावर डॉक्टर म्हणाल्या, शरीर ठीक दिसतंय, घोळ बहुतेक धास्तीचा आहे.

दोनदा मी एकटाच गेलो. तिसऱ्यांदा बायको आली. डॉक्टरांनी तिला काय खुपतं ते विचारलं, तर ती म्हणाली, "दाराला कडी लागत नाही." पावसात आमचं दार फुगतं आणि बाहेर हॉलमध्ये आई-बाबा झोपतात. ती इतके महिने कान दाराकडे लावून होती, आणि मला वाटायचं मी तिला आवडत नाही! दुसऱ्या दिवशी सुतार बोलावला. दार का तासतोय ते आईला सांगताना मात्र घाम फुटला.

पुढचा अभ्यास उलटाच होता: संभोग पूर्ण बंद. आठवड्यातून तीनदा, आळीपाळीने, नुसता स्पर्श. सुरुवातीला स्तन आणि जननेंद्रियं वगळून. ताठरता आली तरी पुढे जायचं नाही, गेली तरी काही बिघडत नाही. मास्टर्स आणि जॉन्सन या अमेरिकन संशोधकांनी १९७० मध्ये मांडलेली ही पद्धत. परीक्षाच रद्द झाल्यावर नापास कसं व्हायचं? मला सुटल्यासारखं वाटलं ते तिथे. पुढच्या पायऱ्या हळूहळू आल्या, आम्हाला चारेक महिने लागले. आजही एखाद्या रात्री जमत नाही. मग गप्पा मारत झोपतो.

ताठरतेच्या गोळ्या मनाने घेऊ नका. हृदयासाठी नायट्रेट गटातलं औषध चालू असेल तर त्या जिवावर बेतू शकतात. आणि भिंतीवरच्या 'गुप्तरोग' जाहिरातींच्या नादी लागू नका. माझे पाच हजार तिथे गेले. चूर्णाचा डबा अजून माळ्यावर आहे.