साखरपुड्याची अंगठी: उंच नख्या की बंद कोंदण?

प्रश्न: तुळशीच्या लग्नानंतर माझा साखरपुडा आहे. होणारी बायको नर्स आहे. 50 सेंटचा गोल हिरा घेतलाय. तिला सहा नख्यांची उंच अंगठी आवडलीय, आईला मात्र 22 कॅरेटच हवं. काय करावं? (वाचक, म्हापसा)

उत्तर: आधी कॅरेटचं बघू. 22 कॅरेटमध्ये 91.6 टक्के सोनं असतं, म्हणून ते मऊ. गळ्यातल्याला चालतं, पण हिरा धरणाऱ्या बारीक नख्या त्यात लवकर वाकतात. 18 कॅरेट (75 टक्के) घ्या. आईंना 22 चंच समाधान हवं असेल, तर मंगळसूत्र आहेच.

आता बैठक, म्हणजे हिरा अंगठीत कसा बसवायचा ते. 50 सेंटचा (सेंट हे हिऱ्याच्या वजनाचं माप) गोल हिरा साधारण 5 मिलिमीटर रुंद आणि 3 मिलिमीटर खोल असतो. उंच नख्यांत तो बोटापासून बराच वर येतो. हातमोजा घालताना नेमका तिथेच अडकतो, फाटतो, आणि रोज ओढ बसून एखादी नखी उचलली जाते. त्यामुळे तुमच्यासाठी बंद कोंदण, म्हणजे हिऱ्याच्या कडेभोवती सोन्याची अखंड किनार, हेच बरं. चकाकी किंचित कमी होते, हे खरं. पण हिऱ्याच्या कडेला टवका जायची भीती बरीच कमी होते. कोंदण मागून उघडं ठेवायला सांगा, नाहीतर साबण आत साचून हिरा निस्तेज दिसतो. बोटाभोवतीची पट्टी 2 मिलिमीटर रुंद आणि निदान दीड मिलिमीटर जाड हवी. तरीही वॉर्डात खड्याची अंगठी चालते का, हे तिलाच आधी विचारा. बऱ्याच ठिकाणी चालत नाही.

तिचं मन नख्यांवरच असेल, तर सहाच ठेवा, पण बैठक बुटकी. चारांतली एक गेली की हिरा हलतो. सहांतली एक गेली तरी दुरुस्तीपुरता वेळ मिळतो. महिन्यातून एकदा अंगठी कापसावरून फिरवा. तंतू अडकला, की सोनाराकडे.

माप संध्याकाळी द्या, सकाळी बोट बारीक असतं. बिलात सोन्याचं वजन हिरा वगळून लिहून घ्या (50 सेंट म्हणजे 0.1 ग्रॅम), आणि हॉलमार्कसोबतचा सहा अक्षर-अंकी एचयूआयडी (त्या दागिन्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक) पडताळा.

प्रश्न: पांढऱ्या सोन्याची अंगठी दोन वर्षांत पिवळसर झाली. फसवलं का? (वाचक, फोंडा)

उत्तर: बहुधा नाही. वरचा रोडियम या पांढऱ्या धातूचा मुलामा झिजलाय; तो पुन्हा चढवता येतो. स्विमिंग पूलला जात असाल तर अंगठी घरी ठेवा. क्लोरीन सोन्यातल्या मिश्रधातूंना खातं, आणि नख्या बारीक म्हणून आधी त्याच तडकतात.